उताराचा गिअर माथ्यावरच टाकावा

गळिताचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. प्रवरा परिसरात १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ झाला, त्या काळी फडातील ऊस मुख्यतः बैलगाडीने कारखान्यावर जात असे. बैलगाडी आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. परंतु वाहतुकीचा मोठा भार आता ट्रॅक्टर व मालमोटारींनी उचलला आहे. बैलगाडी उतारास लागली म्हणजे बैल मागे रेलत आणि मागून येणारा गाडीचा लोंढा जुवावर अडवून धरीत. उतारावर बैल सोडून गाडी हाकावी, असे कोणाच्या मनातही येत नसे. ट्रॅक्टर न्यूट्रल करून उतार उतरणे हे मात्र नेमके तसेच कृत्य होय, आणि ते दर हंगामात अनेकांच्या हातून घडते. कोणी डिझेल वाचविण्यासाठी ते मुद्दाम करतो, तर कोणाचा गिअर ऐन उतारावर बदलताना बसत नाही व गाडी आपोआप न्यूट्रलमध्ये राहते. या दुसऱ्या प्रकाराचा विचार विशेष काळजीने करणे अगत्याचे आहे. कारण त्यात चालकाचा हेतू चांगला असतो, फक्त माहिती अपुरी असते.

पुढील प्रसंग कोणत्याही गावी घडण्याजोगा आहे. ओढ्यावरील पुलाकडे उतरणारा रस्ता. पुतण्या ट्रॅक्टर चालवीत आहे, मागे उसाने भरलेली ट्रॉली आहे. गाडी चौथ्या गिअरमध्ये असून उतार सुरू झाल्यावर वेग वाढतो आहे, हे त्याच्या ध्यानात येते. तो क्लच दाबून तिसरा गिअर टाकू पाहतो. पेटीतून खर्र असा आवाज येतो, दांडा हाताला झटका देतो, गिअर बसत नाही. तो क्लच तसाच दाबून ठेवतो, रेस देतो आणि पुन्हा दांडा रेटतो. पुन्हा तोच आवाज. तोवर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागलेली असते. दैव बलवत्तर म्हणून पुलाच्या कठड्याआधी गाडी शेजारच्या नांगरटीत शिरते. ऊस सांडतो, पुढचा आस वाकतो, पण जीव वाचतो.

सायंकाळी घरी काका येतात. त्यांनी तरुणपणी मालमोटार चालविलेली असते.

“काका, गिअर बसावा म्हणून मी रेस तर दिली होती,” पुतण्या सांगतो.

“दिलीस बाळा, पण क्लच दाबून धरून दिलीस. ती रेस इंजिनातच राहिली, पेटीला कुठे पोहोचली?” काका म्हणतात. “आणि दुसरे सांग, तू गिअर बदलायला घेतलास कुठे?”

“निम्म्या उतारावर.”

“मग निम्मी चूक हाताची आणि निम्मी जागेची.”

काकांच्या या दोन वाक्यांत गिअर बदलण्याचे सारे शास्त्र आलेले आहे. त्याचा उलगडा क्रमाने करू.

गिअरपेटीत काय घडते?

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत जाताना तीन टप्पे ओलांडते. प्रथम क्लच, मग गिअरपेटीतील मधला दांडा व त्यावरील दातेरी चाके, आणि शेवटी मागील चाकांकडे जाणारा दांडा. यांतील शेवटचा दांडा गाडीच्या चाकांशी कायम जोडलेला असतो. गाडी जितक्या वेगाने चालेल तितक्याच प्रमाणात तो फिरणार; त्यावर क्लचचा ताबा नाही. मधला दांडा मात्र क्लच सुटा असला म्हणजे इंजिनाबरोबर फिरतो. क्लच दाबला आणि गिअर न्यूट्रलमध्ये असला, तर तो कोणाशीच बांधलेला नसतो. पूर्वीच्या गतीने थोडा वेळ फिरत राहतो आणि हळूहळू मंदावतो.

गिअर टाकणे म्हणजे फिरणाऱ्या दोन भागांचे दाते एकमेकांत बसविणे. दोहोंचा वेग जुळला असेल तर दाते बिनबोभाट बसतात. वेग जुळला नसेल तर दात्यावर दाता आपटतो. तोच तो खर्र आवाज. धावत्या बैलगाडीवर चढणारा माणूस आधी गाडीबरोबर चार पावले धावतो आणि मग आत उडी घेतो. उभ्या जागेवरून उडी घेणारा आपटतो. पेटीतील दात्यांचेही तसेच आहे.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एखाद्या ट्रॅक्टरच्या चौथ्या गिअरमध्ये शेवटच्या दांड्याचा एक फेरा होण्यास इंजिनाचे दोन फेरे लागतात व तिसऱ्या गिअरमध्ये तीन फेरे लागतात. गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने चालली असता शेवटचा दांडा मिनिटाला ६०० फेरे घेतो असे धरू. तेव्हा चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे १२०० फेरे होतील. त्याच वेगात तिसरा गिअर हवा असेल, तर इंजिनाचे व त्याबरोबर मधल्या दांड्याचे फेरे दीडपट वाढून १८०० व्हावयास पाहिजेत. उलट, तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ते १८०० वरून १२०० पर्यंत उतरले पाहिजेत. म्हणजे वरचा गिअर टाकताना मधला दांडा मंदावावा लागतो आणि खालचा गिअर टाकताना त्याला गती द्यावी लागते. मंदावण्याचे काम तो काही अंशी आपोआप करतो. गती मात्र त्याला कोणीतरी दिल्याशिवाय मिळत नाही. खालचा गिअर अवघड जातो तो यामुळे.

क्लच दोनदा का दाबावा?

मधल्या दांड्याला गती देऊ शकणारे एकच साधन चालकाजवळ आहे, ते म्हणजे इंजिन. पण क्लच दाबलेला असताना इंजिन व पेटी यांचा संबंध तुटलेला असतो. त्या स्थितीत कितीही रेस दिली तरी इंजिन नुसते ओरडते, दांडा आपल्या जागी मंदावतच राहतो. पुतण्याची चूक नेमकी हीच झाली. म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये आणल्यावर क्लच क्षणभर सोडावा लागतो, म्हणजे इंजिन व मधला दांडा जोडले जातात. त्या क्षणी रेस दिली की दांड्यालाही गती मिळते. मग क्लच दुसऱ्यांदा दाबून खालचा गिअर टाकावा. यालाच चालक ‘डबल क्लच’ मारणे म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. ट्रॅक्टर घेताना विक्रेते ‘डबल क्लच’ किंवा ‘ड्युअल क्लच’ असलेला ट्रॅक्टर असे सांगतात. ती वस्तू निराळी. त्यात क्लचचे दोन भाग असून पायटा अर्धा दाबला की गाडी थांबते, पण पीटीओवर चालणारे अवजार चालू राहते. पूर्ण दाबला की पीटीओही थांबतो. तो ट्रॅक्टरचा एक भाग आहे. येथे सांगितलेली आहे ती चालविण्याची रीत आहे. ट्रॅक्टरला ड्युअल क्लच आहे म्हणून गिअर आपोआप जुळतील, असे समजू नये.

कोणत्या वाहनास ही रीत लागू?

सरकत्या दातेरी चाकांची गिअरपेटी १८९० च्या दशकात फ्रान्समधील पानार-लवासोर मोटारींनी रूढ केली. तेव्हापासून वेग जुळविण्याचे काम चालकाच्या हातापायांकडेच होते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली सिंक्रोमेशची पेटी बाजारात आणली. तीत दाते भिडण्यापूर्वी पितळी शंकूसारखे कडे घासून दोन्ही भागांचा वेग जुळविते. पुढे मोटारींत ही सोय सर्वत्र झाली; परंतु जड वाहनांत व ट्रॅक्टरांत ती पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ ठिकाणी अंशतःच आली.

महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या पिढीच्या जड वाहनांच्या चालकांना डबल क्लच शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात ग्रामीण कार्यकर्त्यांच्या परिचयाची झालेली जीपही याच जातीची. विलीज जीपच्या तीन गिअरांच्या पेटीत दुसरा व तिसरा गिअर सिंक्रोमेशचा असे, पहिला मात्र साधा. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकावयाचा तर डबल क्लच मारावाच लागे.

आजच्या बहुतेक मोटारी व टेम्पो यांत सर्व पुढील गिअर सिंक्रोमेशचे असतात. त्यांना या रीतीची एरवी गरज नाही. कडी झिजलेल्या जुन्या गाडीत मात्र तिचा उपयोग होतो. ट्रॅक्टरांपैकी अनेकांत अजूनही सरकत्या चाकांची किंवा अंशतः कायम भिडलेल्या चाकांची पेटी असते. अशा ट्रॅक्टरच्या बाबतीत पहिला अधिकार त्याच्या माहितीपुस्तिकेचा. पुस्तिकेत ट्रॅक्टर पूर्ण थांबवून गिअर बदलावा असे सांगितले असेल, तर थांबवूनच बदलावा. तेथे डबल क्लचचे कौशल्य दाखवू नये. हाय-लो बदलण्याचा दांडा आणि रिव्हर्स हे तर चालत्या गाडीत कधीही हलवू नयेत.

सरावाची पद्धत

चालत्या गाडीत गिअर बदलण्यास जेथे मुभा आहे तेथे सराव सपाट, मोकळ्या जागी व ट्रॉली सोडून करावा. हाताचा एक्सिलेटर पूर्ण खाली घ्यावा व पायाचाच वापरावा. दोन्ही ब्रेकचे पायटे कडीने एकत्र जोडावेत.

खालचा गिअर टाकताना :

१. वेग आधी कमी करावा. हव्या त्या गिअरला पेलेल इतका तो उतरला पाहिजे.
२. एक्सिलेटर सोडून क्लच दाबावा व गिअर न्यूट्रलमध्ये आणावा.
३. क्लच सोडावा आणि एक्सिलेटर बेताने दाबून इंजिनाचा आवाज चढवावा.
४. आवाज चढलेला असतानाच क्लच पुन्हा दाबून दांडा खालच्या गिअरकडे न्यावा. वेग जुळला असेल तर तो दोन बोटांच्या जोराने बसतो.
५. क्लच सावकाश सोडावा.

वरचा गिअर टाकताना क्रम हाच. फक्त तिसऱ्या पायरीवर रेस देऊ नये. क्लच सोडला की मंदावणारे इंजिन मधल्या दांड्यालाही मंदावते. आवाज उतरल्यावर क्लच दाबून वरचा गिअर टाकावा.

दांडा कधीही रेटून बसवू नये. खर्र आवाज होणे म्हणजे वेग जुळला नाही अशी पेटीने दिलेली सूचना आहे. अशा वेळी पुन्हा न्यूट्रलमध्ये येऊन क्रम पहिल्यापासून करावा. कानाला आवाजाची व पायाला अंदाजाची सवय होण्यास काही दिवस लागतात. या काळात घाई करणाऱ्याचे दाते झिजतात, सबुरी धरणाऱ्याचा हात बसतो.

उतारावर ही कला का फसते?

आता काकांच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. पुतण्याला डबल क्लच उत्तम येत असता, तरी निम्म्या उतारावर तो उपयोगी पडलाच असता असे नाही. त्याचे कारण हिशेबातच आहे.

समजा, ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊस मिळून १२ टन वजन आहे आणि रस्ता २० मीटर अंतरात १ मीटर उतरतो. अशा उतारावर गाडीला खाली ढकलणारा जोर एकूण वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका, म्हणजे ६०० किलो वजनाइतका असतो. चाकांचा व रस्त्याचा विरोध वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका धरला, तर तो २४० किलो होतो. उरलेला ३६० किलोंचा जोर गाडीचा वेग वाढवीत राहतो. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर या जोराने दर सेकंदास ताशी सुमारे एक किलोमीटर वेग वाढतो. ताशी १० किलोमीटर वेगाने उतरू लागलेली गाडी १०० मीटर जाईपर्यंत, म्हणजे अवघ्या १८ सेकंदांत, ताशी २९ किलोमीटरच्या पुढे जाते. तिच्या अंगचा धक्का तोवर साडेआठपट झालेला असतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

वरील उदाहरणातील तिसरा गिअर पुन्हा घेऊ. ताशी १० किलोमीटरला त्याला इंजिनाचे १८०० फेरे लागतात. इंजिनाचा गव्हर्नर २२०० फेऱ्यांवर जाऊ देत नाही असे धरले, तर ताशी सुमारे १२ किलोमीटरपर्यंतच तो गिअर जुळू शकतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये आल्यापासून चालकाजवळ केवळ दोन सेकंद असतात. डबल क्लच मारण्यास सराईत हातालाही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. पहिला प्रयत्न हुकला की संधी गेली. पुढे ताशी २९ किलोमीटरच्या वेगाला तिसरा गिअर जुळविण्यासाठी इंजिनाचे सुमारे ५३०० फेरे हवेत. ते इंजिन कधीच देऊ शकत नाही. तेव्हा त्या चालकाचा हात कच्चा होता असे म्हणण्यात अर्थ नाही. गिअर बसण्याची शक्यताच संपलेली असते.

म्हणून नियम असा की, उताराचा गिअर उताराच्या माथ्यावर, गाडी पूर्ण ताब्यात असताना टाकावा आणि उतार संपेपर्यंत बदलू नये. भरलेली गाडी तो उतार चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना घ्यावा. उतार तीव्र असेल तर त्याहून एक खालचा घ्यावा. शंका असेल तेव्हा माथ्यावर गाडी थांबवून खालचा गिअर घालावा. त्यात अर्धा मिनिट जाईल, दुसरे काही जाणार नाही.

उतरताना क्लचवर पाय नको. क्लच दाबणे आणि न्यूट्रल करणे यांत उताराच्या दृष्टीने काहीही फरक नाही. इंजिन अडवीत असूनही वेग वाढू लागल्यास ब्रेक थोडा दाबून वेग उतरवावा आणि पुन्हा सोडावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात व ऐन वेळी धरत नाहीत. ब्रेक एकदम जोराने दाबल्यास ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा फिरण्याचा धोका असतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, हे विसरू नये. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर हा धोका अनेक पटींनी वाढतो. यास्तव रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायटे जोडलेले आहेत की नाहीत हे दररोज पाहावे.

डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिअरमध्ये असलेल्या गाडीला उतार ढकलीत असतो व एक्सिलेटर सुटलेला असतो, तेव्हा गव्हर्नर डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. इंजिनाला चाकेच फिरवितात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी त्याला डिझेल पुरवावेच लागते. म्हणजे तीव्र उतारावर ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालावयाचा, ती बचत मुळातच होत नाही. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक होय. पॉवर स्टिअरिंग असलेल्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग तेव्हा जड होते आणि हवेच्या ब्रेकच्या मालमोटारीत हवा भरणे थांबते.

गिअर हुकलाच तर

एवढे करूनही चुकून गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये राहिली, तर खालचा गिअर शोधीत बसू नये. पहिले काम ब्रेक. वेग कमी असतानाच, पहिल्या दोन-तीन सेकंदांत, ब्रेक दमदारपणे पण चाके घसरणार नाहीत अशा बेताने दाबून गाडी थांबवावी. तेवढ्यात थांबत नसेल, तर जो गिअर सोडला तोच परत टाकावा. वरील उदाहरणातील चौथा गिअर ताशी १८ किलोमीटरपर्यंत जुळू शकतो, म्हणजे त्याला सुमारे आठ सेकंदांची सवड असते. गाडी थांबल्यावर हातब्रेक लावावा, चाकांपुढे दगड किंवा लाकडी ठोकळा ठेवावा आणि मग पहिला गिअर टाकून सावकाश उतरावे.

चढावाचे पथ्य

चढावावर गिअर हुकण्याचा परिणाम उलट असतो. गाडी झपाट्याने मंदावते आणि मागे सरकू लागते. म्हणून चढावाचा गिअर पायथ्याशीच निवडावा. इंजिन दबू लागल्याचे कानाला जाणवताच, ते धापा टाकू लागण्याची वाट न पाहता, खालचा गिअर घ्यावा. ज्या ट्रॅक्टरला थांबूनच गिअर बदलावा लागतो, त्याला चढावाच्या मध्यावर थांबण्याची पाळी येऊच देऊ नये. आलीच तर ब्रेक, हातब्रेक आणि ट्रॉलीच्या चाकामागे दगड या क्रमाने बंदोबस्त करूनच पुढील हालचाल करावी. पुन्हा निघताना क्लच एकदम सोडल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जातात व तो मागे उलटू शकतो. ट्रॉली नेहमी तिच्यासाठी असलेल्या खालच्या हुकालाच जोडलेली असावी. उंच जोडल्यास हा धोका वाढतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला वाट देणे हे उतरणाऱ्याचे कर्तव्य आहे, तेही याच कारणासाठी.

पेटीची व क्लचची निगा

पेटीतील तेलाची पातळी व ते बदलण्याची मुदत पुस्तिकेप्रमाणे सांभाळावी. तेल काढताना त्यात धातूचा कीस दिसल्यास दाते झिजू लागले असे समजावे. क्लचचा पायटा दाबताना आरंभी थोडा मोकळा खेळ असावा लागतो. तो नाहीसा झाला तर क्लच घसरतो व जळतो, फाजील वाढला तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खर्र करीत बसतो. चालताना पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय प्लेट व बेअरिंग दोन्ही खाते.

चालता चालता गिअर आपोआप सुटत असेल तर ती गोष्ट किरकोळ मानू नये. झिजलेले दाते किंवा कमजोर झालेली स्प्रिंग हे त्याचे कारण असते. असा ट्रॅक्टर माथ्यावर योग्य गिअर टाकूनही निम्म्या उतारावर न्यूट्रल होऊ शकतो. दुरुस्ती होईपर्यंत तो भरल्या ट्रॉलीसह उताराच्या रस्त्यावर नेऊ नये.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी काय करावे?

ट्रॅक्टर चालविण्याचे व निगा राखण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यासाठी मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली आणि हिस्सार येथे १९६३ साली केंद्रे स्थापन झाली. परंतु गावातील प्रत्येक तरुण तेथपर्यंत जाऊ शकत नाही. बहुतेकांना वडील, काका किंवा शेजारी यांच्याकडूनच ट्रॅक्टर शिकावा लागतो. त्या शिक्षणात ‘कसे’ सांगितले जाते, पण ‘का’ व ‘कोठे’ राहून जाते. ही उणीव कार्यकर्त्यांनी पुढीलप्रमाणे भरून काढावी.

हंगामापूर्वी गावातील चालकांची एक बैठक बोलवावी. मोकळ्या मैदानात दोन ट्रॅक्टर उभे करून ब्रेकची कडी, ट्रॉलीचा हुक, क्लचचा खेळ व हातब्रेक यांची तपासणी सर्वांदेखत करावी. गावातील जुन्या मालमोटार किंवा एसटी चालकास बोलावून, जेथे चालते तेथे डबल क्लचचे प्रात्यक्षिक घडवावे. त्यानंतर फडापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवरील सर्व उतारांची यादी चालकांकडूनच करून घ्यावी. प्रत्येक उताराच्या माथ्याच्या थोडे अलीकडे, रहदारीस अडथळा न येईल अशा जागी, संबंधितांच्या अनुमतीने ‘येथे गिअर बदला’ अशी पाटी लावावी. रात्री वाहतूक चालते हे लक्षात घेऊन ती चमकत्या रंगाने रंगवावी. नवख्या चालकाला पहिल्या काही खेपांत भरल्या ट्रॉलीसह एकट्याने उताराच्या वाटेवर पाठवू नये, हे मालकांना आवर्जून सांगावे. अनुभवी माणसाने स्वतः त्या वाटेने चालवून कोणत्या उतारास कोणता गिअर लागतो ते त्याला दाखवावे. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसू नये, म्हणून शिकणाऱ्याने हे दुसऱ्या वाहनातून मागोमाग जाऊन पाहावे.

पुढील खेपेस पुतण्या त्याच पुलाकडे निघाला तेव्हा माथ्यावरील लिंबाच्या झाडाखाली त्याने ट्रॅक्टर थांबविला, तिसरा नव्हे तर दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडून पाय बाजूला घेतला. इंजिन घुमू लागले, ट्रॉलीचा रेटा त्यावर अडला आणि गाडी माणसाच्या चालीने पूल ओलांडून गेली. मागच्या ट्रॉल्यांना त्या दिवशी थोडे थांबावे लागले. कारखान्याच्या तळावर मात्र त्या सर्वांना एकाच रांगेत आणि तितकाच वेळ उभे राहावयाचे होते.